तक्रार नसताना केलेली तपासणी

माझे वय 43 आहे. अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठावरील एका गावात मी राहते आणि तेथील माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गर्भाशयमुखाची आणि स्तनांची कर्करोगासाठी तपासणी मी करून घेतली, तेव्हा मला कसलाही त्रास होत नव्हता. पाळी नियमित होती, अंगावरून जात नव्हते, कुठे दुखत नव्हते. तरीही त्या तपासणीत दोष सापडला, त्यावर उपचार झाले आणि आज मी पूर्ण बरी आहे. हा प्रवास पायरीपायरीने लिहून ठेवावा असे मला वाटते, कारण आमच्या भागातील बायका अडतात त्या एखाद्या मोठ्या प्रश्नावर नव्हे, तर पुढच्या पायरीवर नेमके काय होणार हे कोणी न सांगितल्यामुळे अडतात.

सुरुवात झाली ती आशाताईंच्या अर्जापासून. वयाची 30 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक व्यक्तीची माहिती त्या घरोघरी जाऊन भरतात. वय, तंबाखू किंवा मिश्रीची सवय, कमरेचा घेर, घरात कोणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, असे विचारून झाल्यावर त्यांनी आवाज थोडा खाली आणला आणि पुढचे प्रश्न विचारले. स्तनात गाठ लागते का, बोंडातून रक्त येते का, आकारात फरक पडला आहे का, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का, संबंधानंतर रक्त दिसते का, अंगावरून घाण वास येणारा स्राव जातो का. माझी सर्व उत्तरे नकारार्थी होती. अर्ज मिटताना त्या म्हणाल्या, “तरी बाई, तुम्ही आरोग्य केंद्रात येऊन जा. 30 ते 65 वयाच्या सगळ्या बायकांनी दर पाच वर्षांनी तपासून घ्यायचं असतं.”

शेजारच्या वहिनी ओट्यावर बसून हे ऐकत होत्या. त्या लगेच म्हणाल्या, “माले काहीच तरास नही शे, मंग कसाले जावानं?” हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. दुखणे अंगावर काढायचे, कापसाची वेचणी उरकायची, पाहुणेरावळे आटोपायचे आणि अगदीच बसवेना झाले की दवाखाना गाठायचा, अशी सवय लागलेल्या बाईला तक्रार नसताना तपासणी ही कल्पनाच परकी वाटणार. तिच्या लेखी दवाखाना हा आजारी माणसासाठी असतो. परंतु ही तपासणी मुळात धडधाकट बाईसाठीच योजलेली आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, संसर्ग वर्षानुवर्षे टिकून राहिला तर तेथील पेशी हळूहळू बदलत जातात आणि प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. ही सगळी वर्षे बाईला काही जाणवत नाही. रक्तस्राव किंवा दुर्गंधी सुरू होते तेव्हा सोप्या उपचाराची वेळ बहुतेक वेळा निघून गेलेली असते.

जाण्यापूर्वी आशाताईंनी सांगितलेल्या सूचना साध्या होत्या: पाळी चालू असताना येऊ नये, आदल्या दोन दिवसांत संबंध टाळावेत, आत औषधाची गोळी ठेवू नये किंवा पाण्याने आतून धुऊ नये.

आरोग्य केंद्राचे नाव मी लिहीत नाही, पण तपासणीच्या खोलीचे दार नीट लागत नव्हते आणि पडद्याची दोरी तुटलेली होती, हे लिहिलेच पाहिजे. सिस्टरांनी खिडकीच्या गजांना चादर बांधली आणि मदतनीस बाईंना दाराशी उभे केले. बाहेरच्या बाकावर पुरुष बसलेले असताना आत कंबरेखालचे कपडे काढायचे, या एका विचाराने किती बायका परत फिरत असतील याचा अंदाज मला त्या खोलीत आला. सिस्टर मात्र कसलेल्या होत्या. हातमोजे घालण्याआधी त्यांनी आतला भाग दिसावा म्हणून वापरायचे धातूचे स्पेक्युलम मला दाखवले, ते कसे उघडते हे समजावले, ते कोमट पाण्यात बुडवून घेतले आणि “दुखलं तर हात वर करा, मी थांबेन,” असे सांगितले. मी गुडघे मुडपून टेबलावर निजले. आत ताण जाणवला, दुखले असे म्हणता येणार नाही. श्वास सोडून अंग सैल केल्यावर तो ताणही कमी झाला.

त्यानंतर कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावले गेले. व्हिनेगरमध्ये असते तेच हे आम्ल, आणि वासही तोच. लावल्यावर एक मिनिट थांबायचे असते. सिस्टर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होत्या आणि मी छताकडे. निरोगी पेशींचा रंग गुलाबीच राहतो. बदललेल्या पेशींचा भाग पांढरट होऊन उठून दिसतो. मिनिट झाल्यावर त्यांनी दिव्याचा झोत आत धरला, थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग मला उठून बसवले आणि कागदावर एक वर्तुळ काढले. वर्तुळाच्या मध्यभागी ठिपका, म्हणजे गर्भाशयाचे तोंड. घड्याळात 12 ते 2 जिथे असतात त्या भागात त्यांनी पेनाने आडव्या रेघा ओढल्या आणि म्हणाल्या, “इथे पांढरा डाग दिसतोय. हा कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. पण दुर्बिणीतून बघायला हवं, म्हणून जळगावला पाठवते.” तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. वर्गात आकृती काढून शिकवणाऱ्या मला त्या आकृतीनेच धीर दिला, कारण दोष कुठे आहे आणि केवढा आहे हे मला डोळ्यांनी दिसले होते.

अशी तपासणी डॉक्टरांऐवजी सिस्टरांनी करावी का, अशी शंका आमच्या शाळेतील एका सहशिक्षिकेने घेतली होती. या शंकेचे उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने दिलेले आहे. तेथील डॉक्टरांनी 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये दीर्घ अभ्यास केला. त्यात दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक महिलांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी हीच आम्लाची तपासणी केली गेली, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. प्रशिक्षण नीट झालेले असेल तर सिस्टरांच्या हातावर विश्वास ठेवायला मला कोणतीही अडचण वाटत नाही.

त्याच भेटीत स्तनांचीही तपासणी झाली. सिस्टरांनी आधी मला बसवून, हात वर करायला लावून दोन्ही बाजूंचा आकार आणि कातडी पाहिली. मग निजवून मधल्या तीन बोटांच्या सपाट भागाने वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने, गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत दाबत नेले. डाव्या बाजूला काखेजवळ त्यांना वाटाण्याएवढी गाठ लागली. एकाच सकाळी दोन ठिकाणी बोट ठेवले गेल्यावर माणसाची काय अवस्था होते हे मी सांगत बसत नाही. ही बाजू लवकर निस्तरली. जळगावला सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी झाली. मॅमोग्राफीत दोन पाट्यांमध्ये स्तन दाबून एक्स-रे काढतात. दाब चांगलाच जाणवतो, पण तो काही सेकंदांपुरता असतो. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात गेल्यास दुखणे कमी होते. त्या दिवशी काखेत पावडर वा सुगंधी फवारा लावू नये, कारण त्याचे कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसू शकतात. ज्या खाजगी केंद्रात मी गेले तेथे अहवालाचे पाकीट काउंटरवरून सरकवले गेले आणि पुढच्या बाईचे नाव पुकारले गेले. अहवालावर बायरॅड्स 2 असे लिहिलेले होते. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी नंतर सांगितले की 1 म्हणजे सर्व ठीक, 2 म्हणजे काही दिसते आहे पण ते निरुपद्रवी आहे, 3 असल्यास सहसा सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात, 4 आणि 5 असल्यास तुकडा काढून तपासावाच लागतो, आणि 0 म्हणजे अजून तपासणी अपुरी आहे. माझी गाठ म्हणजे पाण्याने भरलेली साधी पुटी होती. स्तनातील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु कोणती आहे आणि कोणती नाही हे हात लावून घरी ठरवता येत नाही.

आता पुन्हा त्या पांढऱ्या डागाकडे येते. जळगावला जायचे म्हणजे घरी सांगणे आले, आणि ही पायरी मला सर्वांत कठीण गेली. विषाणू शरीरसंबंधातून येतो हे मला ठाऊक होते, आणि हे वाक्य घरात उच्चारले की पुढचा प्रश्न कोणावर येणार हेही ठाऊक होते. मी यजमानांना शेतातून आल्यावर जेवण झाल्यानंतर सगळे सांगितले. वैवाहिक जीवन असलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी लागतोच. बहुतेकांचे शरीर तो वर्ष-दोन वर्षांत स्वतःच घालवून टाकते. काहींमध्ये तो राहतो. तो कधी आला, कोणाकडून आला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही, आणि म्हणून तो कोणाच्या चारित्र्याचा दाखला होऊ शकत नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग “सकाळची एसटी धरू, मीपण येतो,” एवढेच म्हणाले. सगळ्याच घरांत असे होत नाही याची मला जाणीव आहे, आणि म्हणूनच ही माहिती केवळ बायकांना सांगून भागणार नाही असे माझे ठाम मत झाले आहे. सासूला, नवऱ्याला, मुलालाही ती सांगितली पाहिजे. तपासणीचे पैसे, गाडीचे भाडे आणि परवानगी, तिन्ही गोष्टी आमच्याकडे अजून त्यांच्याच हातात असतात.

जळगावला कॉल्पोस्कोपी झाली. बाहेर ठेवलेल्या दुर्बिणीतून डॉक्टरबाई आत पाहतात. दुर्बीण शरीरात जात नाही. पुन्हा आम्ल लावले, मग आयोडीनचे द्रावण. निरोगी भाग आयोडीनने गडद तपकिरी होतो, बदललेला भाग ते धरत नाही आणि पिवळसर राहतो. पिवळसर भागातून चिमट्याने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला, तेव्हा पाळीतल्यासारखी एक कळ आली आणि गेली. पुढे काही दिवस थोडे लालसर पाणी जात राहिले. अहवाल येईपर्यंत मी शाळेत नेहमीप्रमाणे शिकवत होते, पण फळ्यावर पेशीची आकृती काढताना हात थांबायचा.

अहवालात सीआयएन 2 होते. पेशींमधील बदलांच्या तीन श्रेणी असतात. पहिली बहुतेक वेळा आपोआप निवळते आणि तिच्यावर नजर ठेवणे पुरते. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीवर उपचार करतात, कारण दुर्लक्ष केल्यास त्यांपैकी काहींचा पुढे कर्करोग होतो. म्हणजे मला कर्करोग नव्हता, पण त्या वाटेवरचा टप्पा होता. डाग लहान होता आणि त्याच्या सर्व कडा दिसत होत्या, म्हणून डॉक्टरबाईंनी थर्मल ॲब्लेशन सुचवले. सुमारे 100 अंश सेल्सियस तापवलेले छोटे उपकरण त्या भागावर मिनिटभरापेक्षाही कमी वेळ धरून दोष असलेल्या पेशी नष्ट करतात. भूल द्यावी लागली नाही, टाका पडला नाही, त्याच दिवशी घरी आले. ओटीपोटात गोळा आल्यासारखे झाले आणि पुढे काही आठवडे पाण्यासारखा स्राव जात होता. महिनाभर संबंध टाळायला सांगितले होते. वर्षानंतर एचपीव्हीची तपासणी झाली आणि तीत विषाणू आढळला नाही.

या काळात मी जे वाचले त्यातील एक गोष्ट मला वारंवार सांगावीशी वाटते. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 1999 पासून 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास केला. एचपीव्हीची केवळ एक तपासणी आणि दोष सापडलेल्यांवर उपचार एवढ्यावर त्या गटातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू पुढील आठ वर्षांत जवळपास निम्म्याने घटले. त्या बायका आपल्यासारख्याच कोरडवाहू शेतीत राबणाऱ्या होत्या. दुसरीकडे देशाची स्थिती अशी की 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीदेखील गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नाही, आणि स्तनांची तपासणी झालेल्यांचे प्रमाण तर एक टक्क्याहूनही कमी आहे. भारतात 2022 मध्ये स्तनांच्या कर्करोगाच्या सुमारे 1 लाख 92 हजार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे 1 लाख 27 हजार नव्या रुग्णांचा अंदाज होता. हे आकडे मी बचत गटाच्या बैठकीत सांगितले, पण बायकांना पटले ते शेजारच्या वहिनींच्या बोलण्याने: तण फुलावर येण्याआधी निंदतो तसेच हे, एवढेच त्या म्हणाल्या आणि सगळ्यांच्या माना डोलल्या.

बैठकीत निघालेल्या शंका मी टिपून घेतल्या आहेत. “माझी पिशवी काढलेली आहे, मला काय गरज?” असे तिघी-चौघींनी एकदम विचारले. आमच्या भागात लहान वयात गर्भाशय काढलेल्या बायका पुष्कळ आहेत. त्यांना मी दवाखान्यातून सुटताना मिळालेला कागद शोधायला सांगितला, कारण काही शस्त्रक्रियांत गर्भाशयाचे तोंड जागेवरच ठेवतात आणि मग तपासणीची गरज उरते. आणि स्तनांची तपासणी तर प्रत्येकीलाच हवी. पाळी जाऊन काही वर्षे झालेल्या काकूंना मी हेही सांगितले की त्या वयात बदल होणारा भाग आत सरकतो आणि आम्लाच्या तपासणीत नीट दिसत नाही, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना पॅप स्मीअर (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन केलेली तपासणी) किंवा एचपीव्हीच्या तपासणीबद्दल विचारावे. दुसरी शंका सुईची होती. गाठीला सुई लावली की ती पसरते, अशी समजूत घट्ट आहे. आमच्याच गल्लीतील एका मावशींनी या भीतीपायी गाठ दीड वर्ष लपवली आणि त्या मोठ्या रुग्णालयात पोहोचल्या तेव्हा रोग काखेच्या गाठींत उतरलेला होता. सुईने पेशी किंवा तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही. तो पसरतो वाट पाहिल्याने. खर्चाच्या भीतीने थांबलेल्यांना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांचा समावेश आहे हे माहीत नव्हते.

माझी मुलगी 13 वर्षांची आहे. तिला एचपीव्हीची लस दिली. 9 ते 14 या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा पुरतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली भारतीय लस 2023 पासून उपलब्ध आहे. लस आधी झालेला संसर्ग घालवत नाही, म्हणून ती लहान वयात द्यायची, आणि लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच असते. “एवढ्याशा पोरीला कसली लस?” असे सासूबाईंनी विचारले. धनुर्वाताची लस जखम होण्याआधीच देतात ना, असे मुलीनेच त्यांना सांगितले.

गावातील पहिल्या शिबिराला फार थोड्या बायका आल्या, आणि त्याचे कारण मला उघड दिसत होते: ते वेचणीच्या ऐन दिवसांत ठेवले होते. त्या दिवसांत रोजंदारी बुडवून कोणी येणार नाही. पुढचे शिबिर आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आठवड्यात ठेवावे असे आम्ही सुचवले. शेतीची कामे तेव्हा थंड असतात, सासरी गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि आई, लेक, भावजय अशा तिघी एकत्र निघाल्या तर कोणाला कोणाची लाज वाटत नाही. आखाजीच्या शिबिराला वहिनी आपल्या दोन नणंदांना घेऊन आल्या. त्यांच्यापैकी धाकटीला पांढरा डाग निघाला. ती रडू लागली तेव्हा मी माझा वर्तुळाचा कागद तिच्यासमोर ठेवला आणि पुढे काय काय होईल ते क्रमाने सांगितले.

मात्र मला एका गोष्टीची चीड येते. शिबिराच्या अहवालात किती बायका तपासल्या हे लिहिले जाते. किती जणींना पुढे पाठवले, त्यांपैकी किती पोहोचल्या आणि किती जणींवर उपचार पूर्ण झाले हे त्यात नसते. डाग सापडून घरी बसलेली बाई न तपासलेल्या बाईइतकीच धोक्यात असते. बचत गटाच्या वतीने आम्ही तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात अर्ज दिला आहे. तपासणीच्या खोलीला कडी आणि पडदा हवा, बायकांसाठी बसण्याची वेगळी जागा हवी, शिबिराची तारीख शेतीची कामे पाहून ठरवावी, आणि दोष निघालेल्या बाईला जळगावच्या रुग्णालयाची तारीख तिथल्या तिथे लिहून द्यावी, सोबत आशाताईंना पाठवावे. कडी आणि पडदा लागले. जळगावच्या तारखेबद्दल उत्तर आलेले नाही, म्हणून तोपर्यंत वहिनींच्या नणंदेला आणि तिच्यासारख्या इतर बायकांना घेऊन आम्ही गटातल्या बायका आळीपाळीने सकाळच्या एसटीने जातो.